ॲलर्जी : नोंद नाही

खडकी, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई गेल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. तिला तीस वर्षं लिहीत होते. फोनवर मी "बरं चाललंय" यापलीकडे काही बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे; चार वर्षं माझ्याकडे राहून कॉलेज केलंस. आज बरं चाललेलं नाही, म्हणून कागद घेतला.

आमच्या हॉस्पिटलातलं सॉफ्टवेअर तुमच्या कंपनीचं, आणि औषधांची स्क्रीन तूच बघतेस, असं तू दिवाळीत म्हणाली होतीस. तर ऐक. सकाळी नऊच्या औषधांना माझ्या वॉर्डात बत्तीस पेशंट असतात. प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी स्कॅन करायची, मग औषध स्कॅन करायचं. ते औषध त्याला चालत नसेल तर स्क्रीनवर लाल पट्टी येते. गेल्या वर्षी याला दोन-तीन सेकंद लागायचे. काल मी घड्याळ लावून बघितलं. एक मिनिट दहा सेकंद. एकेकाची चार-चार औषधं. नऊची औषधं संपायला साडेअकरा वाजतात आणि तोवर बाराची सुरू होतात.

मग मुली काय करतात, "पुढे जा" दाबतात. मीही दोनदा दाबलंय, तुझ्यापासून काय लपवू. शुक्रवारी आमच्या रुपालीने एका बाईला इंजेक्शन दिलं, सुई काढली, आणि मग लाल पट्टी आली. बाईच्या अंगावर पित्तासारख्या गाठी उठल्या, तेवढ्यावर भागलं. रुपाली औषधांच्या खोलीत जाऊन बसली, बाहेर येईना.

आधी केसपेपरवर लाल शाईचा शिक्का असायचा. सॉफ्टवेअर आलं तसे ते कागद गेले. मी दोनदा तक्रार केली. उत्तर आलं, "नेट स्लो असेल."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला वॉर्डात जायची भीती कधी वाटली नाही. आता बसमधून उतरले की गेटपाशीच रेंगाळते. तुझ्या हातात काही असेल तर बघ.

तुझी,
जयामावशी


नागपूर
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. बाबांना फिजिओथेरपीला सोडून आले आणि तेव्हापासून याच्याच मागे आहे. नेट स्लो नाही. चूक आमच्याकडची आहे, आणि ती मला सापडली.

तुला समजेल असं सांगते. तुझ्या स्क्रीनवर जी एक ओळ दिसते, ती माझ्याकडे एका ठिकाणी ठेवलेली नसते. पेशंटचा एक तक्ता आहे. कुणाला काय चालत नाही याचा दुसरा. औषधांचा तिसरा, आणि कुठल्या औषधात कोणते घटक आहेत याचा चौथा, कारण एकाच घटकाची पन्नास नावांची औषधं असतात. तू पट्टी स्कॅन केलीस की हे चारही तक्ते एकमेकांना जोडून उत्तर काढायचं. याला आम्ही जॉइन म्हणतो. जोडायची खूण नीट असेल तर मशीन सरळ त्या ओळीवर जातं, तुमच्या रेकॉर्ड रूममधल्या जोशीबाई नंबर ऐकून सरळ त्या कप्प्याकडे जायच्या तसं.

इथे खूणच धड नाही. पहिले दोन तक्ते जोडताना अट अशी लिहिली आहे : पेशंटचा नवा नंबर जुळला पाहिजे, किंवा जुना कार्ड नंबर जुळला पाहिजे. त्यात नंबर एका तक्त्यात आकडा म्हणून ठेवलाय आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून. त्यामुळे मशीनला कप्प्याकडे जाताच येत नाही. ते दर वेळी न चालणाऱ्या औषधांच्या अकरा लाख ओळी पहिलीपासून शेवटपर्यंत वाचतं. सकाळी नऊला तुमचे सगळे वॉर्ड एकदम स्कॅन करतात, तेव्हा ते गुदमरतं. गेल्या वर्षी ओळी दोन लाख होत्या, म्हणून कुणाला कळलं नाही.

ते "किंवा" कशासाठी आहे, हे मी नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात फोन करून माझ्या वरिष्ठ कल्याणी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, जुने कार्ड नंबर दोन वर्षांपूर्वीच नवे करून झाले, ते आता कामाचं नाही. मी ते काढलं. नंबर दोन्हीकडे आकडा केला. दोनशे पेशंटवर तपासलं, एक सेकंदाच्या आत उत्तर येतंय.

उद्या रविवारी सकाळी तुमच्याकडे चालू करते. सोमवारी तुला फरक दिसेल. आता गेटपाशी रेंगाळू नकोस.

तुझी,
आम्रपाली


खडकी, पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस,
अनेक आशीर्वाद.

काय सांगू तुला. बोट ठेवायच्या आत उत्तर येतं. नऊची औषधं दहाला संपतात. सोमवारी रुपालीला पहिल्यांदा वाटलं स्क्रीन बिघडली, कारण वाट बघायची सवय झाली होती. मी तिला म्हटलं, माझ्या भाचीने केलंय. सगळ्या वॉर्डात सांगत सुटले. मेट्रन मॅडमही म्हणाल्या, तुमच्या भाचीला इकडे बोलवा, चहा पाजू.

आणखी एक सुधारलंय. पूर्वी लाल पट्टी सारखी यायची, दर दोन पेशंटमागे एक. आता क्वचितच येते. फालतू इशारे तू काढून टाकलेस ते बरं केलंस.

काल आपल्या क्वार्टर्समधले बापूराव ॲडमिट झाले. दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले, तुला सायकल शिकवायला निघाले होते ते. पाठीचं दुखणं आहे. मला वाटत होतं त्यांना दुखण्याच्या काही औषधांची ॲलर्जी आहे, मागे एकदा त्यावरून धावपळ झाली होती. पण स्क्रीनवर स्वच्छ लिहून येतं, "ॲलर्जी : नोंद नाही". माझीच आठवण दगा देत असेल, वय झालं.

रात्री झोप लागते आता. बाबांना जय भीम सांग.

तुझी,
जयामावशी


नागपूर
२० फेब्रुवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र आज सकाळी अकराला हातात पडलं. लाल पट्टी क्वचितच येते, हे वाक्य मी तीनदा वाचलं. मी एकही इशारा काढलेला नाही. इशाऱ्यांना मी हातच लावलेला नाही.

आधी वॉर्डात फोन केला, कुणी उचलला नाही. तुझा लॉकरमध्ये. ऑपरेटरने दोनदा भलत्याच वॉर्डात जोडला. तू लाइनवर येईपर्यंत चौदा मिनिटं गेली, आणि त्या चौदा मिनिटांत मी एका हाताने माझा बदल काढून जुनी जोडणी परत लावत होते. बाबा दारात उभे राहून विचारत होते काय झालं, मी मानेनेच त्यांना थांबायला सांगितलं.

फोनवर मी फक्त म्हटलं, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, पेशंटना विचारा. तू म्हणालीस, "बरं." बापूरावांचं विचारलं तर म्हणालीस, "ठीक आहेत, तू तुझं काम कर." तुझा आवाज नेहमीसारखा नव्हता. खरंच ठीक आहेत ना?

काय झालं ते आता मला कळलंय. पेशंटचे जुने नंबर नवे केले, हे खरं. पण ते पेशंटच्या तक्त्यात केले. ॲलर्जीच्या तक्त्यातल्या जुन्या ओळींवर अजून जुनाच कार्ड नंबर होता, आधी एक अक्षर आणि मग आकडे. ते "किंवा" त्याच ओळींसाठी होतं. मी ते काढलं आणि नंबर आकड्यात बदलले. अक्षर असलेल्या नंबरांचा आकडा होईना, तिथे रिकामी जागा राहिली. रिकामी जागा कुठल्याच पेशंटला जुळत नाही. मशीनने चूक म्हणून ओरडायला हवं होतं, पण आमच्या स्क्रीनला दोनच गोष्टी बोलता येतात : सापडलं तर लाल पट्टी, नाही सापडलं तर "नोंद नाही". ॲलर्जीच नाही आणि ॲलर्जी सापडलीच नाही, दोन्हीला एकच उत्तर.

आणि मी तपासायला घेतलेले दोनशे पेशंट सगळे गेल्या वर्षातले होते. सगळे नव्या नंबरांचे.

नऊ तारखेपासून आजपर्यंत तुमच्या हॉस्पिटलात आलेल्या प्रत्येक जुन्या पेशंटसाठी ही स्क्रीन गप्प होती, मावशी. मी तिला गप्प केलं.

कल्याणी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेखी काही टाकू नकोस. आधी बघू."

तू मला खरं लिही.

आम्रपाली


खडकी, पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

चि. आम्रपालीस,

खरं विचारलंस म्हणून लिहिते.

अठरा तारखेला सकाळी बापूरावांना दुखण्याचं इंजेक्शन होतं. मी पट्टी स्कॅन केली, औषध स्कॅन केलं, "नोंद नाही" आलं, मी दिलं. ट्रॉली पुढच्या बेडपाशी नेली नाही तोच ते गळा खाजवायला लागले. म्हणाले, सिस्टर, घशात काहीतरी अडकलंय. दुसरं वाक्य पूर्ण झालं नाही. ओठ निळे पडले. बी.पी. लागेना. ॲड्रिनलिन मीच भरलं, डॉक्टर धावत आले, छातीवर दाबावं लागलं. मी त्यांच्या डोक्याशी उभी होते. त्यांचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडेच बघत होते.

ते वाचले आहेत. चार दिवस व्हेंटिलेटरवर होते, काल नळी काढली. तुला फोनवर ठीक म्हटलं ते खोटं होतं. तू त्या वेळी मशीनशी झुंजत होतीस, तुला हे सांगून तुझा हात चुकला असता.

मला नोटीस आली आहे. खातरजमा न करता औषध का दिलं, सात दिवसांत खुलासा करा. मी ठरवलंय, लिहून देणार की घाईत "पुढे जा" दाबलं. सगळेच दाबत होते, कुणालाही पटेल. मला रिटायर व्हायला पंधरा महिने राहिलेत. फार तर घरी बसवतील. तुझ्या नावावर हे आलं तर तुला दुसऱ्या कुठल्या कंपनीत कोण उभं करील? बाबांचं कोण बघणार?

तू गप्प राहा. कल्याणी मॅडम म्हणतात तेच कर. हे पत्र वाचून फाडून टाक.

मी अजून ड्यूटीवर जाते. इंजेक्शन मात्र मी आता भरत नाही, रुपालीकडे देते आणि मी फाइल धरते.

मावशी


नागपूर
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

पत्र फाडलं नाही. आणि तू तसा खुलासा द्यायचा नाहीस. तू "पुढे जा" दाबलं नव्हतंस. प्रत्येक स्कॅनची वेळ आमच्याकडे लिहिली जाते, तुझी मी उतरवून घेतली होती. अठरा तारीख, नऊ वाजून चौदा मिनिटं पाच सेकंद, तुझ्या नावाने स्कॅन. सहाव्या सेकंदाला आमचं उत्तर, "नोंद नाही". पन्नासाव्या सेकंदाला तू नोंदवलंस, औषध दिलं. तू थांबलीस, वाचलंस आणि मग दिलंस. माझ्यासाठी खोटं लिहायला मी तुला सांगितलेलं नाही.

तुझं पत्र यायच्या आधीच मी जे करायचं ते केलं होतं. शुक्रवारी आणि शनिवारी बसून यादी काढली. त्या बारा दिवसांत सहाशे बारा जुने पेशंट येऊन गेले. तेवीस जणांना त्यांना न चालणारं काहीतरी दिलं गेलं. यादी समोर आली तेव्हा मी लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडायला अर्धा तास लागला. तोपर्यंत मला वाटत होतं, फक्त बापूराव.

रविवारी कल्याणी मॅडमना फोन केला आणि म्हटलं, ही यादी मी उद्या तुमच्या मेडिकल सुपरिटेंडेंटना पाठवणार, चूक माझी आहे असं वर लिहून. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "जुने नंबर नवे केले असं तुला मी सांगितलं होतं. तेही लिही." मग म्हणाल्या, "कामावरून काढतील आपल्याला. दोघींनाही." सोमवारी सकाळी दहाला मी ती पाठवली. साडेदहापर्यंत माझे सगळे पासवर्ड बंद झाले.

तुमच्या हॉस्पिटलाने त्याच दिवशी सगळ्यांना फोन केले. बावीस जण सापडले. कुणाला पुरळ, कुणाला काहीच नाही, दोघांना परत बोलावलं. तेविसावा फोन बंद होता. मुक्ताई, वय एकसष्ट, एकोणीस तारखेला ओपीडीत, लघवीच्या त्रासासाठी दहा दिवसांच्या सल्फाच्या गोळ्या. हॉस्पिटलाने पत्र पाठवलंय म्हणाले. पत्र पोचायला दोन दिवस, आणि ती रोज दोन गोळ्या घेत असणार.

काल सकाळी फोनवर मी तुला हे काहीच नीट सांगितलं नाही, फक्त पत्ता दिला. तू "निघते" म्हणालीस आणि ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही. रात्री तुझ्या शेजाऱ्यांना फोन केला, ते म्हणाले, सिस्टर अजून आल्या नाहीत.

मी उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं होतं, पण बाबांना ताप आहे, सोडून निघता येत नाही. म्हणून लिहीत बसले आहे. काय झालं असेल याचे मी जितके विचार करते, त्यातला एकही चांगला नाही.

आम्रपाली


खडकी, पुणे
२ मार्च २०२५

चि. आम्रपालीस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी रात्री फोनवर "सापडली, जिवंत आहे" एवढंच बोलले. बाकीचं आज लिहिते.

पत्त्यावर नुसतं "कसबा पेठ, तांबट आळीच्या मागे" एवढंच होतं. रिक्षा फडके हौदापाशी सोडली आणि चालत सुटले. त्या गल्ल्यांत शंभर दारं. भांड्यांच्या दुकानातल्या गृहस्थांना विचारलं, मुक्ताई कुठे राहतात? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "आडनाव?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, "मग तुम्हाला त्या माहीत नाहीत, आणि मलाही नाहीत." मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, मी नर्स आहे, त्यांना चुकीचं औषध दिलंय आम्ही. ते उठले, दुकान तसंच उघडं ठेवलं आणि माझ्याबरोबर दारोदार फिरले. तिसऱ्या गल्लीत एका बाईने वर बोट केलं.

जिना चढले. मुक्ताई गादीवर पडलेल्या. डोळे लाल, चिकटलेले. ओठांवर, तोंडात फोड, मानेची कातडी पोळल्यासारखी. बोलता येत नव्हतं. शेजारीण उशाशी बसून वाटीत काहीतरी घोटत होती. म्हणाली, "गिळता येत नाही हो, म्हणून गोळी कुटून पाण्यातून देतेय. ताप उतरेना, म्हटलं औषध चुकवायला नको." मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. ती घाबरून बघत राहिली. तिने काय वाईट केलं होतं? आम्ही लिहून दिलं तेच ती करत होती.

गृहस्थांनी आणि मी त्यांना चादरीत धरून खाली आणलं आणि रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. रात्रभर मी त्यांच्यापाशी होते, म्हणून घरी नव्हते. फोन बंद पडला होता, चार्ज करायचं सुचलं नाही. तीन दिवस डॉक्टर काहीच सांगत नव्हते. काल म्हणाले, जिवावरचं टळलं. उजव्या डोळ्याने किती दिसेल ते महिन्याभराने कळेल. मी तुला सगळं चांगलं झालं असं लिहिणार नाही.

यादीबरोबरचं तुझं पत्र सुपरिटेंडेंट साहेबांनी मला समोर बसवून वाचून दाखवलं. केसपेपरवरचा लाल शिक्का कालपासून परत आला. माझी नोटीस मात्र मागे घेतलेली नाही, आणि घेऊ नये असं मला वाटतं. ते का, ते आता सांगते. हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. तुला वाटतं मी थांबले, वाचलं आणि मग दिलं. तुझ्या त्या पाऊण मिनिटात काय झालं हे मशीनने लिहून ठेवलेलं नाही.

मी सिरिंज हातात घेतली तेव्हा बापूरावांनी विचारलं, "सिस्टर, हे दुखण्याचं ना? मला ते चालत नाही बहुतेक." मलाही आतून तसंच वाटत होतं, तुला आदल्या दिवशी लिहिलंही होतं. आणि मी म्हटलं, "स्क्रीनवर काही नाही, काका." त्यांनी बाही वर केली.

काल त्यांना वॉर्डात परत आणलं. मी जाऊन बेडशेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं, तुझं आणि माझं. त्यांचा आवाज अजून बसलेला आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच. मग खिडकीकडे बघत पडून राहिले. मी उठले नाही, त्यांनीही जा म्हटलं नाही. जेवणाची गाडी आली तेव्हा मी त्यांना भात कालवून दिला, त्यांनी खाल्ला.

बाबांचा ताप उतरला की ये. तुला त्यांच्याकडे नेते, मग मुक्ताईंकडे. बोलायला काही सुचणार नाही, मला माहीत आहे. नुसती बसायला ये.

तुझी,
जयामावशी